रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? इतवारीतल्या एका सराफाच्या प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: इतवारीत सराफीचं दुकान, रात्री नऊच्या सुमारास कुलूप लावून ॲक्टिव्हावर मानेवाड्याकडे घरी जाणं, सोबत बहुतेक वेळा दिवसाची रोकड आणि थोडा माल. शस्त्र परवाना मंजूर झालाय. आता .३२ चं (हे नळीचं माप, इंचांत) पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्व्हर, शर्टाखाली ते दिसणार नाही असं कसं बाळगावं, सरावाला किती राउंड, म्हणजे काडतुसं, लागतील आणि घरी बायकोलाही शिकवावं का, हे तुमचे चार प्रश्न. ज्यावर हे चारही अवलंबून आहेत तो पाचवा तुम्ही विचारलेला नाही. महाल, तुकडोजी पुतळा, मानेवाडा या रस्त्यात कुणी आडवं आलंच, तर ते शस्त्र हातात यायला तुम्हाला वेळ मिळणार आहे का?

माझी अख्खी नोकरी पोलिसांना हत्यार शिकवण्यात गेली. आता बँकांचे गार्ड आणि तुमच्यासारखे परवानाधारक शिकायला येतात. परवानाधारकांचं एक ठरलेलं दिसतं. मॉडेल ठरवायला महिने घालवतात, दहा जणांना विचारतात, आणि हत्यार घेतल्यावर नवतप्यात, म्हणजे मे-अखेरच्या भर उन्हाळ्यात, कमरेला टोचतं म्हणून ते कपाटात जातं. पुढे ते बाहेर निघतं दसऱ्याच्या पूजेला आणि परवान्याच्या नूतनीकरणाला. म्हणून मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी तुमचा रस्ता, मग कपडे, मग सराव, आणि या तिन्हींत बसेल ते हत्यार.

काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही. तुमचा पंजा केवढा, बोटांत जोर किती, चाळिशी लागली की नाही, जवळच्या रायफल क्लबात .३२ चालवू देतात की नाही, यावर उत्तर थोडं इकडे-तिकडे होईल. तो अंदाज तुम्हीच घ्यायचा आहे.

आता रस्ता. सराफाला लुटणारे समोर उभे राहून आव्हान देत नाहीत. ते दुकान बंद होताना पाळत ठेवतात, दोन गाड्यांवर तिघे-चौघे असतात, आणि आधी तुमचं लक्ष घालवतात. ‘काका, चाकात हवा नाही’, शर्टावर काहीतरी सांडणं, रस्त्यावर नोटा टाकणं, मागून हलकाच धक्का. नाहीतर सरळ डोळ्यांत मिरचीपूड. तुम्हाला कळेपर्यंत माणूस हातभर अंतरावर आलेला असतो. १९८३ साली सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी एक साधी गोष्ट मोजून दाखवली होती. चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आत-बाहेरचं अंतर दीड सेकंदात कापतो. कमरेच्या उघड्या होल्स्टरमधून (हत्यार ठेवायच्या म्यानातून) पिस्तूल काढून गोळी मारायला सराव असलेल्या पोलिसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. तुमचं हत्यार शर्टाखाली असणार, दोन्ही हात हँडलवर असणार, डोक्यावर हेल्मेट आणि उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा असणार. दुपट्ट्याने बाजूचं दिसणं आणि मागचं ऐकू येणं दोन्ही कमी होतं. चालत्या ॲक्टिव्हावरून हत्यार काढता येत नाही, हे गृहीतच धरा.

त्यामुळे पहिला सल्ला तुम्हाला नको असलेला आहे: माल घरी नेऊ नका. दुकानात चांगली तिजोरी बसवा, शेजारच्या दोन-तीन दुकानदारांनी मिळून रात्रीचा चौकीदार ठेवा, विमा कंपन्यांची सराफांसाठी ‘ज्वेलर्स ब्लॉक’ नावाची पॉलिसी असते तिची माहिती काढा, आणि वाहतुकीतला माल तिच्यात कोणत्या अटींवर धरतात ते एजंटकडून लेखी घ्या. माल न्यावाच लागला तर कारने, दोघांनी, रोज वेगळ्या वेळी. कारची काच वर असेल आणि समोरच्या गाडीपासून वळवून निघता येईल एवढी जागा सोडून तुम्ही थांबत असाल, तर ॲक्सिलरेटर आणि हॉर्न कोणत्याही रिव्हॉल्व्हरपेक्षा आधी कामाला येतात. हे सगळं करूनही जी जोखीम उरते तिच्यासाठी शस्त्र.

आता निवडीकडे वळू. आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळणारं हँडगन म्हणजे मुख्यतः .३२. सिनेमातलं ९ एम.एम. प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापात, येतं, त्याचा विचार सोडा. .२२ मिळतं, ऑर्डनन्सचं, म्हणजे सरकारी शस्त्र कारखान्याचं, ‘निडर’ हे जेमतेम पाव किलोचं रिव्हॉल्व्हर त्यातलंच. पण .२२ ची काडतुसं कडेवर ठोका बसून पेटणारी असतात आणि त्यांत फुसका राउंड निघण्याचं प्रमाण जास्त. नेमबाजी शिकायला .२२ उत्तम, जीव वाचवायला मी देणार नाही.

.३२ मध्ये एक मोठा घोळ आहे आणि तुमच्या प्रश्नातही तो दिसला. ‘दोन्ही .३२ च, म्हणजे गोळ्या त्याच’ असं तुम्ही लिहिलंय. गोळ्या त्याच नाहीत. पिस्तुलाचं काडतूस ७.६५ बाय १७ मिलिमीटरचं, जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास बनवलेलं. रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे लांब आणि पूर्ण कडेचं, तेही त्याच काळातलं, पण जात वेगळी. दोन्ही खडकीच्या दारूगोळा कारखान्याची मिळतात, खोक्यावर ‘केएफ’ असतं. घेताना खोक्यावरचं नाव पूर्ण वाचा. एकातलं दुसऱ्यात बसतंय असं वाटलं तरी चालवायचं नाही.

जोराच्या बाबतीत दोन्ही काडतुसं माफकच आहेत. .३२ लागल्यावर माणूस उडून पडत नाही. कित्येकदा गोळी लागल्याचं त्याला काही क्षण कळतही नाही. म्हणून गोळी कुठे लागते याला महत्त्व, आणि ते हाताच्या सरावाने येतं. कोणतं मॉडेल ‘पॉवरफुल’ या चर्चेत वेळ घालवू नका.

मग रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? तुमच्या परिस्थितीत माझं मत रिव्हॉल्व्हर. कारण सांगतो. आपल्याकडची .३२ पिस्तुलं बहुतेक जुन्या घडणीची आहेत. चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या घरात, राउंड भरून, फक्त बोटाने लावायच्या सेफ्टीच्या भरवशावर ती कमरेला बाळगावीत असं मी कुणाला सांगत नाही. गाडीवरून पडलात आणि हत्यार आपटलं, तर काय होईल याची हमी मी देत नाही. चेंबर रिकामं ठेवलं तर ऐनवेळी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढायला दुसरा हात लागतो, आणि तो हात त्या क्षणी समोरच्याला ढकलत असेल, नाहीतर मुलाला मागे ओढत असेल. त्यातून फुसका राउंड निघाला तर स्लाइड ओढून तो बाहेर टाका, पुढचा घ्या, ही क्रिया महिन्यातून एकदा सराव करणाऱ्याला घाबरलेल्या अवस्थेत सुचत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की फिरत्या सिलिंडरमधलं पुढचं काडतूस समोर येतं. बस.

पिस्तुलाची बाजूही ऐका. ते चपटं असतं, पातळ शर्टाखाली कमी दिसतं, राउंड जास्त मावतात, आणि एका-एका गोळीचा चाप हलका असल्याने नेम धरायला सोपं जातं. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी राउंडची पेटी, भरायला मात्र शिस्त हवी. या काडतुसाला मागे किंचित कडा असते. वरच्या राउंडची कडा खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन तिथेच बसतं. भरताना प्रत्येक राउंडची कडा खालच्याच्या पुढे आहे ना, ते बघत भरायचं. ज्यांना आठवड्याला रेंज मिळते आणि मुळात नेमबाजीची आवड आहे, त्यांना मी पिस्तुलापासून अडवत नाही. तुम्ही ‘वेळ मिळेल तसा सराव’ असं लिहिलंय. अशा माणसाला रिव्हॉल्व्हर.

रिव्हॉल्व्हरमध्ये काय घ्यावं? कानपूरचं जुनं .३२ हे मधून मोडून उघडणारं आहे, सहा राउंडचं, मजबूत आणि देशभर माहितीचं. ‘निर्भीक’ २०१४ साली आलं, अर्धा किलोचं, तेव्हा १ लाख २२ हजारांच्या आसपास किंमत होती आणि महिलांच्या पर्ससाठी म्हणून गाजलं. ‘प्रबल’ २०२३ चं, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. लांब पल्ल्याची जाहिरात मनावर घेऊ नका. तुमचा प्रसंग घडला तर तीन मीटरवर घडेल. हलकं हत्यार बाळगायला सुखाचं, पण हातात उसळतं जास्त आणि सरावाला नकोसं होतं. थोडं जड हत्यार कमरेला जाणवतं, पण शिकायला बरं. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी वजनाच्या बाजूने झुकायला सांगतो.

विक्रेत्याकडे गेलात की कॅटलॉग बाजूला ठेवायचा आणि रिकामं हत्यार, रिकामं आहे हे स्वतः बघून, हातात घ्यायचं. तर्जनीचं पहिलं पेर चापावर पकड न बदलता पोचतं का? डबल ॲक्शनचा चाप, म्हणजे घोडा आधी न चढवता सरळ ओढायचा तो, चार-पाच किलो किंवा जास्तच जोर मागतो. तो दहा वेळा सलग ओढा. दहाव्यांदा पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, लटपटत असेल तर एकतर हत्यार बदला किंवा बोटांचा व्यायाम सुरू करा. घोडा चढवून मग मारायची सवय मी लावूच देत नाही. चढवलेला घोडा आणि थरथरतं बोट यांतून नको तेव्हा गोळी सुटते. जुनं, वापरलेलं घेत असाल तर चाप पूर्ण ओढून धरा आणि सिलिंडर हलवून बघा. खुळखुळत असेल तर सोडा. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा सांधा बंद असताना ढिला नको. घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये आडवं येणारं सुरक्षा-यंत्र आहे का हे आर्मररला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला, विचारा. नसेल किंवा तो नीट सांगू शकत नसेल, तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाच राउंड भरायचे.

लपवून बाळगणं याला आपल्याकडे हौसेची बाजू नाही, तो नियमच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. शर्ट वर करून दाखवणं, पानठेल्यावर ‘बघ रे नवीन’ म्हणून काढणं, दसऱ्याला शस्त्रपूजनाचा फोटो म्हणून हातात धरून स्टेटसला लावणं, यांतून परवाना जाऊ शकतो. लग्नात हवेत गोळीबार करून लोकांचे जीव धोक्यात घालणाऱ्यांसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीत वेगळी शिक्षाच आली: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कसं बाळगायचं? उजवा हात कामाचा असेल तर उजव्या कमरेच्या हाडाच्या किंचित मागे, पँटच्या आत बसणारं होल्स्टर. होल्स्टरने चाप पूर्ण झाकला पाहिजे, आणि हत्यार काढल्यावर त्याचं तोंड उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे परत ठेवताना दुसऱ्या हाताने उघडावं लागत नाही. फुटपाथवरचं मऊ रेक्झिनचं होल्स्टर तोंडाशी दुमडतं आणि दुमडलेली कड चापात शिरते. ते फुकट मिळालं तरी घेऊ नका. पट्टा जाड आणि ताठ लागतो. साध्या पट्ट्यावर रिव्हॉल्व्हर बाहेर झुकतं आणि शर्टाला फुगवटा येतो. पायजमा-झब्बा घालून दुकानात बसत असाल तर नाडीवर हत्यार राहत नाही. त्या दिवशी पँट घाला किंवा शस्त्र घरी तिजोरीत ठेवा.

शर्ट इन करायचा नाही, एक नंबर मोठा घ्यायचा, आणि पांढरा किंवा फिका लिनन टाळायचा. घामाने चिकटला की आतलं सगळं दिसतं. गडद किंवा चौकडीचा, जरा जाड सुती बुशशर्ट चांगला. आत बनियन हवाच, हत्यार अंगाला थेट लागू नये म्हणून. आरशासमोर वाका, हात वर करून शटर ओढल्यासारखं करा, खाली बसून कुलूप लावा. तुमच्या दिवसातला सगळ्यात उघडा पडण्याचा क्षण शटर खाली ओढण्याचाच असणार, आणि पाळत ठेवणाराही तेव्हाच बघत असतो.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इंटरनेटवरचे सल्ले थंड मुलुखातल्या जाकीटवाल्यांचे असतात. पारा ४५ च्या पुढे गेला की कमरेचा घाम हत्याराच्या अंगाकडच्या बाजूवर बसतो. आठवडाभर दुर्लक्ष केलं की तिथे बारीक लाल ठिपके दिसायला लागतात. चामड्याचं होल्स्टर घाम पितं आणि हत्यार रात्रभर त्यातच ठेवलं तर गंज ठरलेला. घरी गेल्यावर हत्यार बाहेर काढायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, होल्स्टर पंख्याखाली. काडतुसंही चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने ठेवू नका, पितळेवर हिरवट थर चढतो आणि ती चेंबरमध्ये अडकतात. तेल जास्त नको. ते काडतुसाच्या मागच्या टोपीत झिरपलं तर तोच राउंड फुसका निघतो. पावसाळ्यात तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि मधूनमधून बदला. कमरेला वागवलेली काडतुसं वर्षाकाठी सरावात संपवून नवी भरायची.

ॲक्टिव्हाच्या डिकीत हत्यार कधीही ठेवायचं नाही, कारच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातही नाही. गाडी गेली की हत्यार गेलं, आणि मग खुलासा तुम्ही द्यायचा. कारमध्ये आणखी एक अडचण आहे. आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो आणि सीटबेल्टचं खालचं टोक त्याच्या उजव्या कमरेपाशीच असतं, म्हणजे बरोबर होल्स्टरवर. बेल्ट लावताना शर्टाची कड बेल्टखाली अडकू देऊ नका, आणि बेल्ट सोडून मग हात कमरेकडे नेण्याची क्रिया रिकाम्या हत्याराने, उभ्या गाडीत, घराच्या आवारात करून बघा. किती वेळ जातो ते कळलं की कारमधून निघून जाणं का बरं ते पटेल.

कुठे न्यायचं नाही हेही पाठ करा. कोर्ट, सरकारी कार्यालयं, मॉल, थिएटर. डिसेंबरात अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडे तर अजिबात नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली आयुक्तांचे मनाई आदेश निघत असतात, ते वाचत चला. निवडणुकीत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर वेळेत जमा करून पावती घ्यायची. आणि सावजी खानावळीत मित्रांबरोबर ‘बसायला’ जाणार असाल त्या रात्री हत्यार तिजोरीत. दारू आणि हत्यार एका माणसाजवळ एका वेळी नको, यात मी कुणाचंच काही ऐकून घेत नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: माल शक्यतो दुकानातच, .३२ चं रिव्हॉल्व्हर, मध्यम वजनाचं. उजव्या कमरेला, ताठ पट्ट्यावर, चाप झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये. अंगावर गडद, सैल बुशशर्ट. रोज रात्री फडकं.

सराव. परवान्यासाठी तुम्ही सुरक्षा-प्रशिक्षणाचा दाखला दिला असेल. तो हत्यार सुरक्षित हाताळण्याचा दाखला आहे, त्यापलीकडे काही नाही. किती राउंड लागतील, असं तुम्ही विचारलंत. वापरायची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते आणि काडतुसं महाग असतात, तेव्हा शिक्षणाचा मोठा भाग गोळीशिवाय करायचा. त्याला आम्ही कोरडा सराव म्हणतो. पद्धत कडक आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. हत्यार उघडून डोळ्यांनी बघायचं, मग बोट घालून चाचपायचं. नेम घराच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे, प्लायवूडच्या पार्टिशनकडे किंवा टीव्हीकडे नाही. डमी राउंड मिळाले तर भरा, त्याने घोड्याचं टोक जपलं जातं. दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आणि संपलं की मोठ्याने म्हणायचं: सराव संपला. ‘एकदा शेवटचं’ म्हणून पुन्हा चाप ओढताना अपघात होतात, कारण मधल्या काळात हत्यार भरून ठेवलेलं असतं आणि डोकं अजून सरावातच असतं.

या पंधरा मिनिटांत दोनच गोष्टी. एक, पुढच्या साइटवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पडता चाप शेवटपर्यंत ओढायचा. रोज नाणं पडेल, काही आठवड्यांनी पडायचं थांबेल. दोन, काढणं. डाव्या हाताने शर्टाची कड मुठीत धरून छातीपर्यंत वर, उजव्याने पूर्ण पकड होल्स्टरमध्येच, सरळ वर ओढणं, नळी समोर वळवणं, डावा हात येऊन मिळणं. बोट नळीच्या बाजूला सरळ, नेम धरून मारायचं ठरेपर्यंत चापावर नाही. डाव्या हाताचा अंगठा सिलिंडरच्या पुढच्या फटीपाशी जाता कामा नये. तिथून तापलेला वायू बाजूला फुटतो आणि भाजतो. परत ठेवताना घाई कसलीच नाही, सावकाश, बघून. चुकून गोळी सुटण्याची जागा बहुतेक वेळा ही परत ठेवण्याचीच असते.

खरी गोळी फक्त मान्यताप्राप्त रेंजवर. काटोलला संत्र्याची बाग आहे, तिथे दोन मारून बघतो, असं दर हंगामात कुणीतरी मला विचारतं. नाही. परवाना स्वसंरक्षणाचा आहे, शेतातल्या गोळीबाराचा नाही. रानडुकराचा विषय तर काढूच नका, त्याला वन्यजीव कायदा आहे. .३२ ची चुकलेली गोळी शेकडो मीटर जाते आणि बागेत मजूर असतात.

रेंजवर तीन मीटरपासून सुरुवात. लोकांना हसू येतं, पण तुमचं अंतर तेच आहे. कागदी प्लेटवर पाच गोळ्या, सावकाश, सगळ्या तळहाताएवढ्या जागेत येईपर्यंत अंतर वाढवायचं नाही. मग पाच मीटर, मग सात. त्यापुढे तुम्हाला गरज नाही. कानाला आणि डोळ्यांना संरक्षण लावूनच. फेरीच्या सुरुवातीच्या पाच गोळ्या मला महत्त्वाच्या वाटतात, कारण प्रसंगात तुम्हाला हात गरम करायला कुणी देणार नाही. दर महिन्याला एक छोटी फेरी, थोड्याच राउंडची, ही वर्षातून एकदा खोकं रिकामं करण्यापेक्षा कितीतरी बरी. तुम्ही रात्री नऊला निघता, तेव्हा डाव्या हातात टॉर्च धरून, उजव्या एका हातानेही मारायला शिका, आणि समोर कोण आहे ते उजेडात दिसल्याशिवाय बोट आत घालायचं नाही.

आणि न काढण्याचा सराव. हा माझ्याकडे येणाऱ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि मी तो सगळ्यात जास्त घेतो. या सरावात मी लुटारू बनतो, ते सराफ. ‘बॅग दे’ म्हटलं की बॅग माझ्या पायाशी नाही, बाजूला लांब फेकायची, त्याच वेळी दोन पावलं मागे, आणि मोठ्याने ओरडायचं. बॅगेच्या मागे गेलेला माणूस तुमच्यापासून लांब जातो. हत्यार काढायचं ते तो बॅग सोडून तुमच्यावर शस्त्र घेऊन आला तर. नुसतं घाबरवायला काढू नका. ते हिसकावलं गेलं तर उद्या दुसऱ्या सराफावर रोखलं जाईल.

कायद्याचं थोडक्यात, आणि वकिलाला विचारून पक्कं करा. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू होईपर्यंतही हा हक्क जातो, कलम ३८. मालमत्तेसाठी कलम ४१ आहे, त्यात जबरी चोरीही येते. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही अट सगळ्यांवर आहे, आणि भीती संपली की हक्क संपला. बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत मारलेली गोळी या हक्कात बसवणं फार कठीण. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तत्त्वं एकत्र मांडली आहेत. संकटातल्या माणसाने सोन्याच्या तराजूत मोजून वार करावा अशी अपेक्षा नाही हे न्यायालय मानतं, तरी आपल्या बचावाची परिस्थिती पुढे आणण्याचा भार तुमच्यावरच असतो. इतवारीच्या गल्लीत तुमच्या नेमामागे पाणीपुरीचा ठेला आणि दहा माणसं असतात, हेही त्या अर्ध्या सेकंदात तुम्हालाच बघायचं आहे. गोळी चालवावी लागलीच तर सुरक्षित जागी व्हा, ११२ ला फोन करा, जखमीसाठी रुग्णवाहिका मागवा, रिकाम्या पुंगळ्या उचलू नका, पोलीस आल्यावर हात मोकळे ठेवा आणि हत्यार कुठे आहे ते आधी सांगा. सविस्तर जबाब वकिलाशी बोलून.

राहिला वहिनींचा प्रश्न. परवाना तुमच्या नावावर आहे; तुम्ही घरी नसताना त्यांनी हत्यार पर्समध्ये टाकून बाजारात नेणं हा सरळ गुन्हा आहे. त्यांना वेगळी गरज असेल तर त्यांनी वेगळा अर्ज करावा. पण हत्याराची ओळख त्यांना करून द्याच: ते रिकामं की भरलेलं कसं कळतं, तोंड कुठे ठेवायचं, आणि चुकून बाहेर दिसलं तर हात न लावता तुम्हाला फोन. तिजोरी भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने बसवलेली घ्या, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली देवघरात नको. घरातल्या पोरांना ती जागा सगळ्यात आधी माहीत असते. मुलं किती वर्षांची ते तुम्ही लिहिलं नाही. आठ-दहाच्या पुढची असतील तर लपवून ठेवण्यापेक्षा एकदा तुमच्यासमोर, रिकामं, दाखवून टाका आणि त्यांचे प्रश्न संपेपर्यंत बसा. कुतूहल उरलं की ती कुलूप शोधतात.